कोर्सचे दरपत्रक नंतर, तपासणी अहवाल आधी : नागरी सहकारी बँकांच्या संचालक मंडळांना खुले पत्र

प्रति,
मा. अध्यक्ष, संचालक आणि मुख्य कार्यकारी अधिकारी,
महाराष्ट्रातील नागरी सहकारी बँका

विषय : कर्मचाऱ्यांसाठी ऑनलाइन प्रशिक्षणाची निवड

सप्रेम नमस्कार.

आर्थिक वर्ष उजाडले की बँकांकडे ऑनलाइन प्रशिक्षण विकणाऱ्यांचे फोन सुरू होतात. सादरीकरणात तीनशे कोर्स, मोबाइल ॲप, रंगीत डॅशबोर्ड आणि माणशी वर्षाचा दर असतो. तीन दरपत्रकांचा तुलनात्मक तक्ता मंडळापुढे येतो, सर्वांत कमी दराला मंजुरी मिळते, आणि वर्षअखेरीला सगळ्यांची प्रमाणपत्रे फाइलला लागतात. पुढच्या तपासणीत शेरे मात्र तेच असतात, बहुधा शाखाही त्याच.

दोष दर वेळी कोर्सचा नसतो. दरपत्रक हा या कामातला शेवटचा कागद आहे. पहिला कागद बँकेच्याच कपाटात पडून असतो.

मागच्या दोन वर्षांचा रिझर्व्ह बँकेचा तपासणी अहवाल, वैधानिक लेखापरीक्षण आणि त्याचा दोषदुरुस्ती अहवाल, कंकरंट ऑडिटचे (वर्षभर चालू असणाऱ्या लेखापरीक्षणाचे) मेमो, तक्रार नोंदवही आणि चुकीच्या नोंदी उलटवल्याचा सीबीएसमधला (बँकेच्या रोजच्या व्यवहारांच्या संगणक प्रणालीतला) रिपोर्ट, एवढे काढा. एक अंतर्गत तपासनीस, एक शाखाधिकारी आणि काउंटरवर रोज बसणारा एक लिपिक, अशा तिघांना अर्धा दिवस द्या. लिपिक हवाच, तो नसेल तर उरलेले दोघे कागदावरचीच बँक पाहत बसतात. प्रत्येक शेरा त्यांनी एका ओळीत उतरवायचा : कोणी, कोणत्या फॉर्मवर किंवा पडद्यावर, काय चुकवले. मग प्रत्येक ओळीपुढे एक प्रश्न : माहीत नव्हते म्हणून चुकले, माहीत होते पण सोय नव्हती म्हणून चुकले, की माहीत असून करावे लागले?

प्रशिक्षणाने बरी होते ती फक्त पहिली जात. जोखीम जास्त असलेल्या खातेदाराची केवायसी दर २ वर्षांनी, मध्यम जोखमीची ८ आणि कमी जोखमीची १० वर्षांनी अद्ययावत करायची, हे बहुतेक कर्मचाऱ्यांना पाठ असते. तरी थकीत खात्यांचा ढीग साचतो, कारण सीबीएसमधून मुदत संपत आलेल्यांची शाखावार यादीच निघत नाही. ते काम सॉफ्टवेअर पुरवणाऱ्याचे. तारणाची पाहणी न करता कर्ज वाटले गेले असेल आणि प्रस्तावावर कोणाची शिफारस आहे हे सगळ्या शाखेला ठाऊक असेल, तर त्यावर जगात कोणताच कोर्स निघालेला नाही. ऑगस्ट २०१८ मध्ये पुण्याच्या कॉसमॉस बँकेतून सुमारे ९४ कोटी रुपये गेले, तो हल्ला यंत्रणेवरचा होता. सायबर सुरक्षेचे वीस मिनिटांचे व्हिडिओ लिपिकांना दाखवून तशा हल्ल्याची तजवीज झाली असे मानणे धोक्याचे आहे. लिपिकाला शिकवायचे ते वेगळे : संशयास्पद मेल उघडू नये, पासवर्ड शेजाऱ्याला देऊ नये, फसवणूक झालेला ग्राहक समोर आला की आधी कार्ड आणि खाते अडवून त्याला लगेच सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाइनवर फोन लावून द्यावा.

अशी गाळणी लावल्यावर साधारण आठ-दहा विषय उरतात. तीनशे कोर्सांची गरज तिथेच संपते. तरी दर तीनशेंचाच सांगितला, तर आपल्या दहा विषयांचा वेगळा भाव मागा.

आता विषयाच्या आत. सोनेतारण घ्या, कारण बहुतेक नागरी बँकांत ते आहे आणि नियम नुकतेच बदललेत. १ एप्रिल २०२६ पासून लागू असलेल्या निर्देशांप्रमाणे उपभोगासाठीच्या सोनेतारण कर्जाला अडीच लाखांपर्यंत सोन्याच्या किमतीच्या ८५ टक्के, अडीच ते पाच लाखांपर्यंत ८० टक्के आणि त्यावर ७५ टक्के अशी मर्यादा आहे. हा तक्ता कोणताही कोर्स दाखवेल, आणि कर्मचारी तो पाठही करेल. शाखेत चुकते ते दुसरीकडेच. समजा सोन्याची किंमत ३,००,००० रुपये आहे. ग्राहकाला २,४०,००० हवेत, व्याज द.सा.द.शे. १०, मुद्दल आणि व्याज वर्षअखेरीला एकदम. लिपिक हिशेब करतो : दोन लाख चाळीस हजार म्हणजे ८० टक्के, मर्यादेत बसते. पण एकरकमी फेडीच्या कर्जात मुदतीअखेर येणे होणारी पूर्ण रक्कम धरायची असते. ती २,६४,००० होते, म्हणजे ८८ टक्के. कर्ज पहिल्याच दिवशी मर्यादेबाहेर. किंमत काढतानाही मागच्या ३० दिवसांचा सरासरी बंद भाव आणि आदल्या दिवसाचा बंद भाव यांतला कमी तो, दागिन्याच्या शुद्धतेप्रमाणे, खडे आणि मीना वगळून धरायचा. सोनाराने सांगितलेला आजचा भाव चालत नाही. कर्ज फिटल्यावर दागिने सात कामकाजाच्या दिवसांत परत गेले नाहीत आणि दोष बँकेचा असेल, तर दिवसाला ५,००० रुपये भरपाई. कोर्स दाखवायला येणाऱ्याला हे एकच उदाहरण सोडवून दाखवायला सांगा. त्याच्या धड्यात आकडेमोड नसेल आणि नुसता तक्ता वाचून दाखवणारा आवाज असेल, तर तो धडा तुमच्या शाखेसाठी नाही.

दुसरी कसोटी तारखेची. ही आज सर्वांत कडक लावायला हवी. १ नोव्हेंबर २०२५ पासून ठेव खात्याला चार जणांपर्यंत नामनिर्देशन करता येते. ठेवींसाठी एकाच वेळी टक्केवारीने किंवा एकामागून एक, लॉकरसाठी मात्र फक्त एकामागून एक. त्याआधी तयार झालेला प्रत्येक धडा 'एकच नॉमिनी' शिकवतो. त्याच महिन्यात, २८ नोव्हेंबरला, रिझर्व्ह बँकेने आपली हजारो जुनी परिपत्रके मोडीत काढून २४४ एकत्रित निर्देशांत मांडली. त्यामुळे जुने परिपत्रक क्रमांक सांगणारा धडा आशयाने बरोबर असला तरी तपासणी अधिकाऱ्यापुढे उपयोगाचा नाही. १ एप्रिल २०२६ पासून नवा आयकर कायदा आला, कलमांचे आकडे बदलले. व्याजावरील करकपात जुन्या कलमाने शिकलेला लिपिक ग्राहकाला जुनाच फॉर्म देईल.

म्हणून पुरवठादाराकडून कोर्सवार नव्हे, धडावार तक्ता मागा : धडा शेवटचा कधी सुधारला, कोणी तपासला, कोणत्या निर्देशाच्या आधारे. नियम बदलल्यावर किती दिवसांत धडा बदलून मिळेल, हे करारात लिहून घ्या. तीस दिवस ही मागणी रास्त आहे. 'आम्ही कंटेंट वेळोवेळी अपडेट करतो' या वाक्याला करारात काही किंमत नसते. विकणारा वाणिज्य बँकांसाठी केलेला कोर्स पुढे करत असेल, तर आणखी एक प्रश्न विचारा : नागरी सहकारी बँकांची ठेवींनुसार चार स्तरांत विभागणी आहे, आपली बँक कोणत्या स्तरात येते आणि त्यामुळे धड्यात काय बदलते? १०० कोटींपर्यंत ठेवी असलेल्या पहिल्या स्तरातल्या बँकेला दहा हजार कोटींवरच्या चौथ्या स्तराचा धडा शिकवला की कर्मचारी गोंधळतो, आणि कंटाळतो.

भाषेचे थोडक्यात. 'मराठीत उपलब्ध' म्हणजे काय, ते एक पूर्ण धडा ऐकून ठरवा. यंत्राने केलेले भाषांतर आणि त्यावर यंत्राचाच आवाज असेल तर दोन मिनिटांत कळते. नजरगहाण, जामीनदार, बोजा, फेरफार हे शब्द शाखेत रोज बोलले जातात; धड्यात त्यांच्या जागी ओळखू न येणारे शब्द आले तर माणूस तिथेच सोडून देतो. सीबीएसच्या पडद्यावर मेनू इंग्रजीत असतील तर ती नावे जशीच्या तशी राहू द्यावीत. तुमचे जुने मराठी साहित्य शिवाजी किंवा कृतिदेव फॉन्टमध्ये असेल, तर युनिकोडमध्ये आणल्याशिवाय ते कोणत्याही प्रणालीत नीट दिसणार नाही. हे काम कोण करणार, तेही आधीच ठरवा.

यानंतर येते ती अडचण, जिच्यावर बहुतेक खरेद्या अडकतात आणि जी मंजुरीच्या टिपणीत कधी नसते : कर्मचारी हा कोर्स बसून पाहणार कुठे? सीबीएसच्या संगणकाला इंटरनेट नसते, आणि नसावेच. त्याला स्पीकर नसतो. रोखपालाला मोबाइल जवळ बाळगायची मनाई असते. मग उरतो घरचा मोबाइल आणि स्वतःचा डेटा. घरी कोर्स पाहिला जात नाही, घरी तो चालू करून ठेवला जातो. डॅशबोर्ड त्यालाही पूर्ण झाला असेच म्हणतो.

प्रत्येक शाखेत एक संगणक किंवा टॅब, सीबीएसपासून पूर्ण वेगळ्या ब्रॉडबँडवर, दोन हेडफोनसह, एवढी सोय हवी. ७२०पी दर्जाच्या व्हिडिओला साधारण दीड ते अडीच एमबीपीएस लागतात. तालुक्याच्या शाखेत चार जण एकाच वेळी बसले तर दहा एमबीपीएस त्यातच जातात. पुरवठादाराकडे ४८०पी किंवा चित्रे आणि आवाज असा हलका पर्याय आहे का, ते पाहा. धडा बारा-पंधरा मिनिटांपेक्षा मोठा नको. यामागे लक्ष टिकण्याचा प्रश्न आहे तसा एक तांत्रिक प्रश्नही आहे. स्कॉर्म १.२ या ऑनलाइन धड्यांच्या जुन्या पण अजून सर्रास वापरल्या जाणाऱ्या तांत्रिक मानकात 'कुठवर पाहिले' ही नोंद ठेवायला ४,०९६ अक्षरांचीच जागा आहे. तासाभराच्या, प्रश्नांनी भरलेल्या कोर्समध्ये ती भरते, नोंद तुटते आणि कर्मचारी दुसऱ्या दिवशी पुन्हा पहिल्या पडद्यावर येतो. 'लॉगिन केले की सगळे परत दिसते' ही तक्रार आली की हेल्पडेस्क ब्राउझर बदलायला सांगते. त्याने काही होत नाही. धडे लहान करा, नाहीतर स्कॉर्म २००४ ची नंतरची आवृत्ती मागा, तिच्यात ही जागा ६४,०००पर्यंत आहे.

वेळही ठरवून द्यावी लागते. १२० कर्मचारी गुणिले सहा तास म्हणजे ७२० तास. आठ तासांचा दिवस धरला तर ९० मनुष्यदिवस. ही बँकेची खरी गुंतवणूक आहे, आणि परवान्याच्या दरापेक्षा ती बहुधा मोठी निघते. ती कामाच्या वेळेतूनच द्यायची आहे, हे परिपत्रक काढून सांगा. महिन्याचे पहिले दहा दिवस पगार-पेन्शनची गर्दी असते, ते सोडा. मार्च पूर्ण सोडा. दुसरा आणि चौथा शनिवार सुटीचा आहे, तो प्रशिक्षणाला लावला की कोर्सबद्दलचे मत शुक्रवारीच तयार होते. काउंटर उघडण्याआधीची वीस मिनिटे, आठवड्यातून दोनदा, आळीपाळीने, एवढे बहुतेक शाखांना झेपते.

परीक्षेबद्दल जरा सविस्तर, कारण फसवणूक सर्वांत सोपी इथे आहे, आणि ती कर्मचाऱ्याइतकीच पुरवठादाराच्याही सोयीची असते. दहा प्रश्न, क्रम ठरलेला, हव्या तितक्या संधी, उत्तीर्णतेला ५० टक्के, अशी परीक्षा असेल तर दुसऱ्या दिवशी उत्तरे व्हॉट्सॲप ग्रुपवर येतात : १-ब, २-अ, ३-ड. पंधरा प्रश्नांच्या परीक्षेसाठी निदान साठ प्रश्नांचा साठा हवा. प्रश्न आणि पर्याय दोन्हींचा क्रम दर वेळी बदलावा. संधी दोन, त्यानंतर शाखाधिकाऱ्याने समोर बसवून विचारावे. केवायसी, सोनेतारण, रोख यांसाठी ८० टक्क्यांखाली उत्तीर्ण नको. आणि तीस दिवसांनी पूर्वसूचना न देता पाच प्रश्नांची दुसरी फेरी घ्या. पहिल्या परीक्षेपेक्षा हिच्यातून जास्त कळते.

प्रश्न कसा असावा? 'केवायसीचे पूर्ण रूप काय' याने काहीच तपासले जात नाही. हा पाहा : ग्राहकाच्या वाहन परवान्यावर जुना पत्ता आहे. नव्या पत्त्यासाठी त्याने तीन महिन्यांपूर्वीचे वीजबिल आणि पॅन कार्ड आणले आहे. खाते उघडाल का? यातल्या प्रत्येक चुकीच्या पर्यायामागे शाखेत होणारी एक खरी चूक आहे. पॅन हा पत्त्याचा पुरावा नाही. वीजबिल दोन महिन्यांपेक्षा जुने चालत नाही. ताजे बिल आले तरी नव्या पत्त्याचे अधिकृत कागदपत्र तीन महिन्यांत घ्यावे लागते, आणि ही तिसरी गोष्टच सगळ्यांत जास्त राहून जाते, कारण तीन महिन्यांनी आठवण करून देणारे कोणी नसते. असे प्रश्न बाहेरचा पुरवठादार लिहू शकत नाही. ते तुमच्या ऑडिट मेमोतूनच निघतात. म्हणून करार करतानाच आपले प्रश्न त्यात घालण्याची मुभा घ्या.

काही विषय मात्र पूर्णपणे ऑनलाइन देऊच नका. बनावट नोटेचे नियम पडद्यावर शिकवता येतात : एका व्यवहारात चारपर्यंत बनावट नोटा आढळल्या तर महिनाअखेरीला पोलिसांना एकत्रित अहवाल, पाच किंवा जास्त आढळल्या तर लगेच एफआयआर, नोट जप्त करून ५ सेंमी बाय ५ सेंमीचा शिक्का मारायचा, ग्राहकाला पोचपावती द्यायची, आणि नोट त्याच्या हातात परत कधीच द्यायची नाही. पण सुरक्षा धाग्याचा रंग कसा बदलतो, उठावदार छपाई बोटाला कशी लागते, हे व्हिडिओत कळत नाही. त्याला हातात नोटा आणि अतिनील दिवा लागतो. थकबाकीदाराशी बोलणे, तारणाची जागा पाहणे, चिडलेल्या ग्राहकाला सांभाळणे, हेही तसेच. कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३च्या कायद्याची माहिती ऑनलाइन चालेल. अंतर्गत समितीच्या सदस्यांचे प्रशिक्षण समोरासमोरच व्हावे.

सगळे विकतच घ्यायला हवे असेही नाही. अधिकारी वर्गासाठी पुण्यातले रिझर्व्ह बँकेचे कृषी बँकिंग महाविद्यालय, वैकुंठ मेहता राष्ट्रीय सहकार प्रबंध संस्था, मुंबईची इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ बँकिंग अँड फायनान्स (आयआयबीएफ) यांचे कार्यक्रम आणि प्रमाणपत्रे आहेत, आणि त्यांना बाजारातल्या प्रमाणपत्रापेक्षा वजन आहे. काउंटरच्या कामासाठी सर्वांत उपयोगी धडा बहुधा तुमच्याच एखाद्या अनुभवी अधिकाऱ्याने सीबीएसचा पडदा रेकॉर्ड करून दहा मिनिटांत केलेला असतो. तो टेस्ट सर्व्हरवरच (चाचणीसाठीच्या वेगळ्या प्रणालीवर) करावा. खऱ्या ग्राहकाचे नाव, खाते क्रमांक, शिल्लक पडद्यावर दिसता कामा नये. असे धडे ठेवायला मूडल ही मोफत प्रणाली पुरते. मात्र मोफत म्हणजे फुकट नव्हे : सर्व्हर, बॅकअप, सुरक्षा सुधारणा आणि विसरलेले पासवर्ड सांभाळणारा अर्धवेळ माणूस लागतो. तो नसेल तर हा मार्ग धरू नका.

करारातल्या जागा थोडक्यात सांगतो. परवाना माणशी असेल तर निवृत्त किंवा राजीनामा दिलेल्याची जागा नव्या माणसाला वापरता यावी. पिग्मी एजंट मोजले जाणार का, ते स्पष्ट हवे. पुरवठादाराला कर्मचारी क्रमांक, नाव, शाखा, पद एवढेच द्या. आधार किंवा पगाराचा तपशील मागणारा एक्सेल नमुना आला तर परत पाठवा. २०२३च्या वैयक्तिक माहिती संरक्षणाच्या कायद्याच्या कक्षेत कर्मचाऱ्यांची माहितीही येते. करार संपल्यावर कोणी, कधी, किती गुणांनी काय पूर्ण केले याची संपूर्ण नोंद उघडता येईल अशा फाइलमध्ये बँकेला मिळाली पाहिजे. ही अट नसेल तर दोन वर्षांनी तपासणीत पुरावा मागितला की तुमच्याकडे पूर्णतेच्या टक्केवारीचा एक स्क्रीनशॉट उरतो. आणि 'पूर्ण' म्हणजे काय, हे शब्दांत लिहा. शेवटचा पडदा उघडला म्हणजे पूर्ण, अशी व्याख्या अनेक प्रणालींत मुळातच घातलेली असते.

एवढे जुळले तरी लगेच तीन वर्षांचा करार करू नका. दोन शाखा निवडा, एक शहरातली आणि एक जिथली इंटरनेटची लाइन सर्वांत रडते ती. दोन्हींत मिळून बारा जण घ्या, त्यांत निवृत्तीला आलेला एक आणि नवा लागलेला एक असावा. सुरू करण्याआधी त्या शाखांतले अलीकडचे पन्नास खाते उघडण्याचे फॉर्म काढून एकाच तपासयादीने चुका मोजा. दोन आठवडे प्रशिक्षण, मग सहा आठवड्यांनी नवे पन्नास फॉर्म, तीच यादी, तोच तपासनीस. चुका कमी झाल्या तर करार करा. झाल्या नाहीत तर पुरवठादाराला दोष देण्याआधी ती पहिली गाळणी पुन्हा लावा. कदाचित 'सोय नव्हती' या रकान्यातला विषय 'माहीत नव्हते'मध्ये गेला असेल.

एक विनंती खास संचालकांना. ऑगस्ट २०२५ पासून सहकारी बँकांतल्या संचालकपदाच्या सलग मुदतीची मर्यादा आठवरून दहा वर्षांवर गेली आहे. एवढा काळ मंडळावर बसणाऱ्यांच्या प्रशिक्षणाला दरपत्रकात जागा नसते. सोनेतारण आणि केवायसीची तीच पंधरा प्रश्नांची परीक्षा, त्याच ८० टक्क्यांच्या अटीसह, मंडळानेही द्यावी. गुण इतिवृत्तात नोंदवायचे की नाही हे अध्यक्षांनी ठरवावे. आमचे मत नोंदवावेत असे आहे.

कळावे,

आपले विश्वासू,
सहकारी बँकांच्या कर्मचारी प्रशिक्षणाचे काम करणारे काही जण